ॲस्बेस्टॉसच्या आजाराची भरपाई आणि सरकारने आधी दिलेली एकरकमी रक्कम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरे ब्रिटनच्या नियमांची आहेत. प्रश्न मुख्यतः दोन प्रकारच्या घरांतून येतात. एक, तिकडेच स्थायिक झालेली मराठी कुटुंबे. दुसरी, ज्यांच्या वडिलांनी उमेदीची वर्षे तिकडच्या फाउंड्रीत, रेल्वे वर्कशॉपमध्ये किंवा वीजकेंद्रात काढली आणि मग ते गावी परतले. उदाहरणांतले आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत, ते सरकारी दर नव्हेत.

१. ही "एकरकमी रक्कम" नेमकी कोणती? वडिलांना दर आठवड्याला भत्ता मिळतो, तोच का?

नाही. आठवड्याचा तो भत्ता म्हणजे इंडस्ट्रियल इंज्युरीज डिसेबलमेंट बेनिफिट. एकरकमी रक्कम वेगळी, आणि ती दोन वाटांनी मिळते.

पहिली वाट १९७९ च्या न्यूमोकोनिओसिस कायद्याची. तिच्यात मेसोथेलिओमा (ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाला होणारा कर्करोग), न्यूमोकोनिओसिस (धुळीने फुप्फुसे कडक होणे; ॲस्बेस्टॉसिस यातच धरतात), फुप्फुसाचे आवरण सर्वदूर जाड होणे, ॲस्बेस्टॉसशी जोडलेला फुप्फुसाचा कर्करोग आणि कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस येतात. तिच्यासाठी आधी आठवड्याचा भत्ता मंजूर व्हावा लागतो.

दुसरी वाट २००८ च्या योजनेची, फक्त मेसोथेलिओमासाठी. जे १९७९ च्या कायद्यात बसत नाहीत त्यांच्यासाठी ती आहे: नवऱ्याचे धुळीने माखलेले कामाचे कपडे धुणारी बायको, स्वतःचा धंदा करणारा प्लंबर, कारखान्याशेजारी राहणारे लोक.

मेसोथेलिओमात रक्कम फक्त वयावर ठरते. ३७ किंवा त्याहून कमी वयाला सर्वांत जास्त, ७७ आणि पुढे सर्वांत कमी. इतर आजारांत वयासोबत अपंगत्वाची टक्केवारीही पाहतात. दरपत्रक दर एप्रिलमध्ये बदलते, म्हणून जुन्या वर्षाचा तक्ता पाहून हिशेब करू नका.

२. सरकारने दिलेले पैसे सरकारच परत का घेते?

कारण ती उचल आहे. ऊसतोडीला जाणाऱ्याला मुकादम आधी उचल देतो आणि हंगामात ती फिटते, तसेच. मालकाकडून किंवा त्याच्या विमा कंपनीकडून भरपाई येईल की नाही, आली तर कधी, याचा भरवसा नसताना सरकार आधी पैसे देते. पुढे भरपाई आली की एकाच आजारासाठी दोनदा पैसे मिळू नयेत, म्हणून तेवढी रक्कम वळती होते.

भत्त्यांची अशी वसुली १९९७ च्या कायद्याने होतच होती. एकरकमी रकमांना ती १ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाली. त्याआधी या रकमा वसूल होत नव्हत्या, त्यामुळे "आमच्या काकांचे तर काहीच कापले नव्हते" हे खरे असू शकते. या वसुलीतूनच २००८ च्या योजनेचा खर्च चालावा, अशी आखणी होती.

३. म्हणजे भरपाई मिळाली की पैसे परत करा म्हणून आम्हाला पत्र येणार?

नाही. पैसे भरण्याची जबाबदारी भरपाई देणाऱ्याची, म्हणजे बहुधा जुन्या मालकाच्या विमा कंपनीची. ती तुमच्या भरपाईतून एकरकमी रकमेएवढे कापते आणि सरकारच्या कॉम्पेन्सेशन रिकव्हरी युनिटला (पुढे "सीआरयू") भरते. दावा फसला, एक पैसाही मिळाला नाही, तर एकरकमी रक्कम तुमच्याकडेच राहते. त्यावर व्याजही घेत नाहीत.

४. कपात कशातून होते? वेदनेच्या पैशालाही हात लागतो का?

लागतो, आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात.

भत्त्यांची कपात जोडीने होते. बुडालेल्या कमाईच्या भरपाईतून कमाईशी जोडलेले भत्ते, देखभालीच्या भरपाईतून देखभालीचे भत्ते, हालचालीच्या भरपाईतून हालचालीचे. वेदना आणि यातनांच्या भरपाईला भत्त्यांचा हात लागत नाही. एकरकमी रकमेला ही जोडी लागू नाही. ती पूर्ण भरपाईतून, वेदनेच्या भागासकट, वजा करता येते.

समजा मेसोथेलिओमाच्या दाव्यात एकूण भरपाई १,९०,००० पौंड ठरली: वेदनेसाठी ९५,०००, बुडालेल्या कमाईसाठी ५०,०००, देखभालीसाठी १५,००० आणि इतर ३०,०००. आधी एकरकमी २५,००० मिळाले आहेत. शिवाय इंडस्ट्रियल इंज्युरीजचा भत्ता ९,००० आणि अटेंडन्स अलाउन्स (देखभालीचा भत्ता) ३,०००. आता ९,००० कमाईच्या ५०,००० मधून जातील, ३,००० देखभालीच्या १५,००० मधून आणि २५,००० एकूण रकमेतून. कपात ३७,०००, हातात १,५३,०००. विमा कंपनीला एकूण १,९०,००० च मोजावे लागतात, फक्त दोन ठिकाणी.

५. वडील निवृत्त होते, कमाई बुडालीच नाही. मग भत्ता कशातून कापणार?

कशातूनच नाही. तरी विमा कंपनीला तो सरकारला भरावाच लागतो, स्वतःच्या खिशातून. समजा वेदनेसाठी ७०,००० आणि देखभालीसाठी ५,०००, मिळून ७५,००० पौंड. एकरकमी १४,०००, इंडस्ट्रियल इंज्युरीजचा भत्ता १०,०००. कमाईचा भागच नसल्याने भत्त्याचे १०,००० कापता येत नाहीत. एकरकमीचे १४,००० मात्र जातात. हातात ६१,०००, सरकारला २४,०००. विमा कंपनीचा खर्च ८५,०००. या जादा १०,००० मुळेच वाटाघाटीत कंपनी कधी कधी "कमाईचेही थोडे धरू या" असे सुचवते. वकिलाला विचारल्याशिवाय मान डोलावू नका. तो आकडा धरला की त्यातून भत्ता कापण्याची वाट उघडते.

६. आधी एकरकमीचा अर्ज करावा की थेट दावा लावावा?

बहुतेकांसाठी आधी अर्ज. क्रम उलटला की फटका बसतो. १९७९ च्या कायद्याची अटच अशी की मालकाचा धंदा बंद झालेला असावा किंवा त्याच्याकडून भरपाईची खरी आशा नसावी, आणि तुम्ही कोर्टात दावा लावलेला नसावा किंवा भरपाई घेतलेली नसावी. २००८ च्या योजनेतही आधी भरपाई मिळाली असेल तर दार बंद. पुढे जुन्या विम्याचा पत्ता लागला तर दावा करता येतो, आणि मग वसुली होते.

मुदती: १९७९ च्या कायद्याखाली, आठवड्याचा भत्ता मंजूर झाल्यापासून १२ महिने. २००८ च्या योजनेत निदानापासून १२ महिने. माणूस अर्ज न करताच गेला तर अवलंबितांना मृत्यूपासून १२ महिने. पटण्याजोगे कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. दिवाणी दाव्याची मुदत वेगळी आहे, आजार ॲस्बेस्टॉसमुळे झाल्याचे कळल्यापासून ३ वर्षे.

"शेवटी कापणारच, तर अर्ज कशाला?" असे पुष्कळजण विचारतात. मेसोथेलिओमाच्या रुग्णाकडे वेळ थोडा असतो, दावा मात्र महिनोन्‌महिने चालतो. शिवाय दावा बारगळला तर ही रक्कम तरी हातात असते.

७. विमा कंपनी आणि सीआरयू यांच्यात कागद कसे फिरतात? आम्हाला काय करावे लागते?

दावा हातात आल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीने सीआरयूला कळवायचे असते. त्या फॉर्मचे नाव सीआरयू १. त्यात नाव, जन्मतारीख, नॅशनल इन्शुरन्स नंबर, आजार आणि मालकाची माहिती असते. भरपाई देण्याआधी कंपनी सर्टिफिकेट मागते. हे सर्टिफिकेट म्हणजे सीआरयू १००. त्यावर प्रत्येक भत्ता, त्याचा काळ, रक्कम आणि एकरकमी रक्कम लिहिलेली असते, शिवाय वैधतेची शेवटची तारीख. तारीख उलटली तर नवे घ्यावे लागते. भरपाई दिल्यापासून १४ दिवसांत कंपनी सरकारचे पैसे भरते.

तुमचे काम छोटे पण नेमके आहे. नॅशनल इन्शुरन्स नंबर बरोबर द्या, आणि नावाचे स्पेलिंग भत्त्याच्या पत्रावर आहे तेच ठेवा. मराठी नावांत घोळ इथेच होतो. वडिलांचे नाव मधले नाव म्हणून एका कागदावर येते, दुसऱ्यावर गळते, आणि मग नोंद जुळवण्यात आठवडे जातात.

८. कोर्टाने ५०,००० पौंड अंतरिम द्यायला सांगितले, हातात मात्र निम्मेच आले. फसवणूक झाली का?

बहुधा नाही. लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसमध्ये मेसोथेलिओमाच्या दाव्यांना खास जलद पद्धत आहे, आणि तिथे ५०,००० चा अंतरिम हुकूम नेहमीचा. पण अंतरिम रक्कमही कायद्याच्या नजरेत भरपाईच असते. सर्टिफिकेट तेव्हाही लागते आणि कपात तेव्हाच होते. २५,००० एकरकमी आधी मिळाले असतील तर पहिल्याच हप्त्यातून ते जातात. एकदा गेले की पुन्हा जात नाहीत. अंतिम हिशेबात तेच २५,००० दुसऱ्यांदा धरलेले नाहीत ना, एवढे मात्र तपासा.

९. विमा कंपनीच्या ऑफरमध्ये "ग्रॉस" आणि "नेट" लिहिले आहे. खरा आकडा कोणता?

नेट. दिवाणी प्रक्रियेच्या भाग ३६ प्रमाणे दिलेल्या ऑफरमध्ये ही रक्कम वसुलीची दखल न घेता दिली आहे की वसुलीसकट, हे स्पष्ट लिहावे लागते. वसुलीसकट असेल तर ढोबळ (ग्रॉस) रक्कम, कोणत्या भत्त्यापोटी किंवा एकरकमीपोटी किती कापले आणि उरलेली रक्कम, असे तीन भाग हवेत. ऑफर देताना सर्टिफिकेट हातात नसेल, तर ते आल्यापासून ७ दिवसांत कंपनीने हे आकडे कळवायचे असतात.

"ढोबळ १,२०,०००" ऐकून घरात पेढे वाटले जातात आणि मग नेट ८४,००० निघते. फोनवर आकडा सांगितला तर एवढेच विचारा: "सीआरयू धरून की सोडून?"

१०. सर्टिफिकेटवर चुकीचा भत्ता धरला आहे. काय करायचे?

नेहमी सापडणाऱ्या चुका अशा: ॲस्बेस्टॉसशी संबंध नसलेल्या गुडघ्याच्या किंवा हृदयाच्या दुखण्यापोटी मिळालेला भत्ता धरलेला असणे, काळ चुकणे, किंवा एकरकमी रक्कमच दुसऱ्या आजाराची असणे (प्रश्न १८ पाहा). पहिली पायरी फेरविचाराचा लेखी अर्ज. तो कधीही करता येतो, आणि भत्ता कशासाठी दिला हे सांगणारे मंजुरीचे पत्र सोबत जोडल्यास काम लवकर होते.

फेरविचार नामंजूर झाला तर फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे (असे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अपील, एका महिन्यात. पण अपील करता येते ते दावा निकाली निघून सरकारचे पैसे भरल्यावरच. म्हणजे आधी भरा, मग भांडा. भांडण जिंकलात तर जास्तीचे पैसे परत येतात. तुमच्या भरपाईतून कपात झाली असेल तर अपील तुम्हीही करू शकता, फक्त विमा कंपनीच नाही.

भत्त्यांबाबत आणखी एक मर्यादा पाहा. वसुली जास्तीत जास्त ५ वर्षांची होते, आणि आजाराच्या दाव्यात ही ५ वर्षे त्या आजारापोटी पहिल्यांदा भत्ता मागितल्यापासून मोजतात. सर्टिफिकेटवर सहाव्या वर्षाचा भत्ता दिसला तर ती चूक आहे.

११. वडिलांनी चार ठिकाणी काम केले, एकाच विमा कंपनीचा पत्ता लागला. एकरकमीही चौथा हिस्साच कापतील ना?

नाही. भरपाई देणारा एकरकमी रक्कम पूर्ण भरायला बांधील असतो, त्याचा हिस्सा कितीही लहान असो. मेसोथेलिओमात याची झळ फारशी बसत नाही, कारण २००६ च्या कायद्याने कोणताही एक जबाबदार मालक पूर्ण भरपाईला बांधील आहे. ॲस्बेस्टॉसिसमध्ये मात्र प्रत्येक मालक आपापल्या वर्षांपुरता बांधील असतो.

समजा सापडलेल्या विमा कंपनीच्या वाट्याला १८,००० आले आणि एकरकमी २०,००० मिळाले होते. भरपाई शून्यावर येते आणि कंपनी सरकारला २०,००० भरते. तुमच्या हातात आधीचे २०,००० राहतात, पण दाव्यातून नवे काही येत नाही. असा हिशेब दिसत असेल तर बाकी मालकांचा विमा शोधल्याशिवाय दावा पुढे नेण्यात अर्थ नाही. शोधासाठी एम्प्लॉयर्स लायबिलिटी ट्रेसिंग ऑफिस आहे. कोणत्या मालकाकडे किती वर्षे काम केले याची नोंद ब्रिटिश कर खात्याकडून मिळते, १९६१ पासूनची. त्याआधीच्या काळासाठी पगाराच्या पावत्या, युनियनचे कार्ड, सोबत्यांची साक्ष यांवर भिस्त.

सिगरेटमुळे भरपाई कमी झाली, तरी नियम तोच. फुप्फुसाच्या कर्करोगात धूम्रपानासाठी कपात होते (२००५ मधल्या एका निकालात २० टक्के होती), पण एकरकमीची वसुली त्या प्रमाणात कमी होत नाही. विमा कंपन्यांनी वसुलीच्या या पद्धतीला कोर्टात आव्हान दिले होते. २०२० मध्ये हायकोर्टात त्यांना काही यश आले, २०२२ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने सरकारचे अपील मान्य केले.

१२. बाबा गेले. दावा आता आई चालवते. बाबांना मिळालेली रक्कम आईच्या भरपाईतून कापतील का?

बाबांच्या वतीने, म्हणजे त्यांच्या इस्टेटीसाठी मिळणाऱ्या भरपाईतून कापतील. अवलंबितांना १९७६ च्या फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्टखाली मिळणारी भरपाई भत्त्यांच्या वसुलीतून सुटते. पण एकरकमी रकमेचे नियम वेगळे असल्याने तिलाही तोच आडोसा मिळेल असे धरून चालू नका. आईने स्वतः अवलंबित म्हणून एकरकमी घेतली असेल तर ती वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. अवलंबितांना मिळणारी रक्कम रुग्णाला हयातीत मिळणाऱ्या रकमेपेक्षा बरीच कमी असते, म्हणून शक्य असेल तर अर्ज हयातीतच करावा.

१३. वकिलाची फी कपातीआधीच्या रकमेवर की नंतरच्या?

मेसोथेलिओमाचे दावे २०१३ च्या फी-बदलांतून वगळलेले आहेत. इतर आजारांत वकिलाची "सक्सेस फी" (दावा जिंकल्यावर मिळणारी जादा फी) तुमच्या भरपाईतून जाते आणि तिला २५ टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा वेदनेची आणि आजवरच्या नुकसानीची भरपाई धरून काढतात, सीआरयूचे पैसे वजा करून. भविष्यातल्या नुकसानीची भरपाई त्यात येत नाही. करारात आकडा ढोबळ रकमेवर काढलेला दिसला तर सहीआधी विचारा.

१४. मालक बंद, विमाही सापडत नाही. मग?

मेसोथेलिओमा असेल आणि निदान २५ जुलै २०१२ रोजी किंवा नंतर झाले असेल, तर २०१४ च्या कायद्याखालची डिफ्यूज मेसोथेलिओमा पेमेंट स्कीम आहे. विमा कंपन्यांवरच्या वर्गणीतून ती चालते, अर्ज निदानापासून ३ वर्षांत. नाव सारखे असल्याने २००८ च्या योजनेशी तिची सरमिसळ होते. फरक महत्त्वाचा आहे: २००८ ची रक्कम ही उचल, २०१४ ची ही भरपाई. म्हणून २०१४ च्या योजनेतून पैसे मिळताना १९७९ किंवा २००८ ची रक्कम वळती होते.

१५. वसुली अजिबात होत नाही अशी काही भरपाई आहे का?

आहे. काही ट्रस्टकडून मिळणारे पैसे नियमांतच सूट दिलेले आहेत. ॲस्बेस्टॉसच्या संदर्भात त्यांतले मोठे नाव टर्नर अँड न्यूऑल कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर २००६ मध्ये स्थापन झालेल्या ट्रस्टचे. पैसे ट्रस्टकडून येत आहेत की विमा कंपनीकडून, हे पत्रावर पाहून घ्या.

१६. वडील १९८४ ला पुण्याला परत आले. इथून अर्ज करता येतो का?

येतो. ॲस्बेस्टॉसशी संपर्क ब्रिटनमध्ये आला होता का, हा प्रश्न महत्त्वाचा. आज राहता कुठे, हा नाही. इंडस्ट्रियल इंज्युरीजचा भत्ताही परदेशात मिळू शकतो. बायोप्सीचा अहवाल आणि स्कॅन इंग्रजीत असले की बरे. मराठी मृत्युदाखल्याचे प्रमाणित भाषांतर लागेल. जहाजावरच्या खलाशांचे प्रकरण अवघड असते, कारण बॉयलर रूममधला संपर्क "ब्रिटनमध्ये" झाला असे म्हणता येईल का हेच आधी ठरवावे लागते. रत्नागिरी, रायगड, गोव्याकडच्या जुन्या दर्यावर्दींच्या घरी सीडीसीची पुस्तिका (खलाशाच्या जहाजावरच्या नोकरीची नोंदवही) असेल तर जपून ठेवा. जहाज आणि तारखा तिच्यात आहेत.

१७. आजोबा घाटकोपरच्या ब्रेक लायनिंगच्या कारखान्यात होते. मूळ कंपनी ब्रिटिश होती. ही योजना लागू होते का?

नाही. मूळ कंपनी ब्रिटिश असली तरी संपर्क मुंबईत झाला, म्हणून १९७९ आणि २००८ च्या रकमा मिळत नाहीत आणि त्यांची वसुलीही नाही. भारतात ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) किंवा कर्मचारी भरपाईचा कायदा (२०२५ पर्यंत तो १९२३ चा होता) पाहावा. ॲस्बेस्टॉसिस त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. इथे पद्धतच निराळी: ईएसआयचा विमा असलेल्याला ईएसआयचा कायदा मालकाकडून वेगळी भरपाई मागूच देत नाही. ब्रिटनमध्ये दोन्ही मिळतात आणि नंतर हिशेब होतो.

१८. आधी ॲस्बेस्टॉसिससाठी एकरकमी मिळाली, दहा वर्षांनी मेसोथेलिओमा झाला. नव्या दाव्यातून जुनी रक्कम कापतील का?

कापू नये. ज्या आजाराची भरपाई, त्याच आजारासाठी मिळालेली एकरकमी रक्कम वसूल होते. भरपाई फक्त मेसोथेलिओमाची असेल तर ॲस्बेस्टॉसिसची रक्कम सर्टिफिकेटवर यायला नको. गोंधळ होतो तो दावा "ॲस्बेस्टॉसमुळे झालेले आजार" असा मोघम लिहिला की. तडजोडीच्या कागदावर आजाराचे नाव नेमके लिहून घ्या, आणि सीआरयू १ वरही तेच नाव आहे ना, ते वकिलाकडून पाहून घ्या.